धार आणि मूठ

जनावर जबह करण्याआधी सुरीला नीट धार लावावी, मुक्या जिवाला विनाकारण यातना होऊ देऊ नयेत, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपल्या घरांतून पोरांनाही ठाऊक असते. म्हणजे हत्याराची धार हा आपल्याकडे केवळ कारागिरीचा नव्हे, रहमतीचाही विषय आहे. मग जो हात ते हत्यार धरतो, त्याची काळजी कोणी वाहायची?

कुर्तुब्याचे शल्यविशारद अबुल कासिम अल-जहरावी (मृत्यू 1013) यांनी ‘किताब अल-तसरीफ’मध्ये सुमारे 200 शस्त्रांची माहिती चित्रांसह दिली. गळू फोडताना रुग्णाने घाबरू नये म्हणून पाते लपवलेले हत्यारही त्यांत आहे. रुग्णाच्या भीतीचा विचार हत्यार घडवतानाच करायचा असतो, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी ओळखले.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1990 मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. पोटावरच्या लांब जखमेच्या जागी लहान छिद्रे आली, रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. पण लांब दांड्याच्या या हत्यारांनी डॉक्टरांचे मनगट तासन्‌तास वाकलेले राहते, कडीत नस दबून अंगठा बधिर होतो. लहान हाताच्या स्त्री-डॉक्टरांना काही मुठी धड आवळताही येत नाहीत. साधी कात्रीदेखील उजव्या हातासाठीच जुळवलेली असते. डाव्या हातात तिची पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापण्याऐवजी चिरडतात. रुग्णाची वेदना कमी झाली, पण तिचा काही वाटा दुसऱ्याच्या अंगावर गेला.

आमच्या आंबिवलीतला एन.आर.सी.चा कारखाना 2009 मध्ये बंद पडला. पण जन्मभर यंत्रावर राबलेल्या हातांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. इजा झाली की जग विचारते, ‘लक्ष कुठे होते?’ मूठ कोणाच्या हाताच्या मापाने घडवली, हे कोणी विचारत नाही. बधिर झालेला हात चुकला, तर गुन्हा एकट्या त्या हाताचाच मानायचा का?

सुई डॉक्टरांनाच टोचते असे नाही. नर्सला टोचते, कचरा उचलणाऱ्यालाही टोचते. स्नायू शिवायला बोथट टोकाची सुई, वापरानंतर झाकले जाणारे पाते, 2016 च्या नियमांनी सक्तीचा केलेला न भोसकला जाणारा डबा, असे इलाज आज माहीत आहेत. त्यांना चार पैसे जास्त पडतात. ते वाचवणारा एक असतो आणि रक्त सांडते दुसऱ्याचे. अशा बचतीला काटकसर म्हणावे की जुलूम?

इहसान म्हणजे प्रत्येक काम उत्तम रीतीने करणे. धारेचा हिशेब जिच्यावर ती चालते त्या देहाला द्यायचा, तसा मुठीचा हिशेब ती धरणाऱ्या हाताला द्यायचा. यांतला एक चुकता केला म्हणून दुसरा माफ होत नाही, असे आम्हांला वाटते.