सगळ्यांची नाडी ऐंशी

एका जिल्हा रुग्णालयातल्या बायकांच्या मेडिसिन वॉर्डात एक सिस्टर होती. पेशंट तिला ताई म्हणायच्या, म्हणून मावश्या आणि वॉर्डबॉयही ताईच म्हणायला लागले. सुकून गेलेल्या म्हातारीच्या हातातही तिला पहिल्या टोचणीत शीर सापडायची. अशा माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. अवघड सलाईन तिच्याकडे, नर्सिंगच्या नव्या मुली तिच्याकडे, भांडखोर नातेवाईक तिच्याकडे. कुणाच्या घरी बारसं निघालं, कुणाच्या मुलाची परीक्षा आली, की त्यांची नाईटही तिच्याकडे. नाही म्हणणं तिला जमत नव्हतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

श्रावण-भाद्रपदात डेंग्यू आणि काविळीनं वॉर्ड भरला. एका खाटेवर दोघी, उरलेल्या खाली गादीवर. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानं साध्या रुग्णालयाच्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स हवी. इथं रात्री साठ जणींना दोघी होत्या, आणि त्यातली एक बहुतेक वेळा ताईच.

पहिली खूण मावशींना दिसली. ताईचा डबा अर्धा भरलेला परत जाऊ लागला. सर्दी झाली, ती महिना उलटला तरी हटेना. मग ती ड्युटीच्या अर्धा तास आधी येऊ लागली, ओव्हर देऊन झाल्यावरही तासभर रेंगाळू लागली, तरी नोट्स अपुऱ्याच. मोजलेली इंजेक्शनं पुन्हा मोजायची. मेट्रननं मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं, मुलगी कामाला वाहून घेतलेली आहे म्हणून. फसगत होते ती इथंच. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये अशा करपून जाण्याबद्दल, म्हणजे बर्नआउटबद्दल, लिहिलं. न हटणारी सर्दी, डोकेदुखी, उडालेली झोप, चटकन येणारा राग हे तर त्यांनी नोंदवलंच; शिवाय माणूस जास्त तास राबतो आणि काम मात्र कमी होतं, हेही. हजेरीपट वाचणाऱ्याला त्यातले फक्त जास्तीचे तास दिसतात.

मग नावं गेली. पूर्वी कुणाची सून बाळंत आहे, कुणाची म्हैस आटली आहे, सगळं ताईला ठाऊक असायचं. आता ‘अकरा नंबरला पॅन द्या’, ‘सात नंबर उगाच कण्हते’ सुरू झालं. एका आजीनं हात धरून विचारलं, “ताई, माझं नाव इसरलीस व्हय?” ताईनं हात सोडवून घेतला आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

एका सोमवारी इनचार्ज सिस्टर टीपीआर चार्ट चाळत होत्या. रात्रीच्या रकान्यात सगळ्यांची नाडी ८०, श्वास २०, ताप ९८.४. डेंग्यूनं फणफणलेल्या पोरीलाही ९८.४. न मोजता लिहिलेलं होतं हे. अशा वेळी मेमो निघतो. त्यांनी पॅड काढलंही. मग अक्षर ओळखलं आणि ताईला चेंजिंग रूममध्ये बोलावलं.

“दमलीस का गं?”

“दमले असते तर झोपून भागलं असतं, बाई. मला काही वाटेनासंच झालंय. शुक्रवारी बारा नंबर गेली. मी नोट लिहिली आणि चहा प्यायला गेले. खरं सांगते, तिच्या पोरीच्या रडण्याची मला कटकट होत होती. हे काम मला येतच नाही आता. इतकी वर्षं काय केलं कोण जाणे.”

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे. कामावरच्या आटोक्यात न आलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तीन खुणा सांगितल्या : शक्ती सरल्यासारखं वाटणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि हातून काही नीट होत नाही अशी भावना. इनचार्जबाईंनी हे वाचलेलं नव्हतं. तिन्ही खुणा त्यांनी आत्ता एका दमात ऐकल्या होत्या.

आधी त्यांनी सगळे करतात तेच केलं, दोन दिवस सुट्टी दिली. ताई झोपली, परत आली, आणि तिसऱ्या पाळीला पुन्हा ‘अकरा नंबर’. तेव्हा बाईंनी तीन महिन्यांच्या ड्युटी लिस्टा काढल्या आणि इतरांच्या ज्या नाईट ताईच्या नावावर वळवल्या होत्या, त्यांच्याभोवती लाल पेनानं गोल केले. प्रत्येक अदलाबदलीखाली सही बाईंचीच होती.

लिस्टा घेऊन त्या मेट्रनकडे गेल्या.

“तिच्याशिवाय वॉर्ड चालेल का तुमचा?”

“ती आत्ताही वॉर्डात नाहीच, मॅडम. नुसती हजेरी लागतेय.”

ताई दोन महिने लसीकरणाच्या ओपीडीत दिवसपाळीला गेली. रुग्णालयातल्याच मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचंही ठरलं. ती कुरकुरत का होईना, गेली. वॉर्डात अदलाबदलीवर मर्यादा आली, नव्या मुली तिघींत वाटल्या गेल्या. ‘एकीचे लाड, आमच्या वाट्याला नाईट’ म्हणत एका सिस्टरनं बाईंशी अबोला धरला. तिची तक्रार खोटी नव्हती. रिकाम्या जागा भरल्या नव्हत्या, ओझं फक्त सरकलं होतं. ताईही लगेच फुलली वगैरे नाही. पहिले काही आठवडे ती बाळाच्या मांडीपलीकडे पाहतच नव्हती. मग एकदा कार्डावर नाव लिहिलेलं असूनही तिनं एका आईला विचारलं, काय नाव ठेवलंय हिचं?

इनचार्जबाई दर सोमवारी टीपीआर चार्ट नीट वाचू लागल्या. दिवाळीच्या सुमारास एका पानावर पुन्हा सगळ्या नाड्या ८० सापडल्या. अक्षर अबोला धरलेल्या सिस्टरचं होतं. बाईंनी ड्युटी लिस्ट उघडली, रिकाम्या जागांची यादी तिला जोडली आणि मेट्रनच्या ऑफिसकडे निघाल्या.