अर्धा राहिलेला धावदोरा

आजचा श्लोक : गीता २.४०. या मार्गावर सुरू केलेलं काही वाया जात नाही, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

आपला अर्धवट कोड वर्षभर पडून राहिला की पुढे जुळता जुळत नाही. गोधडीचं तसं नाही. तळा गावी आमच्या घरी आजीने जुन्या लुगड्यांचे थर लावून कडेने आत धावदोरा घालत आणला होता. आजी गेली, मधला भाग राहिला. यंदा मार्गशीर्षात थंडी पडली, तशी आईने तिच्या शेवटच्या टाक्यापासूनच सुई पुढे नेली. एकही टाका उसवावा लागला नाही.

सुटलेल्या जपाचंही असंच. (पण हा श्लोक आळसाची सोय नाही हं, सुई ओवावीच लागते.) आईला आता बारीक दिसत नाही. रात्री ऑफिसचा कॉल संपला की मी दोरा ओवून देतो.