दया आपली, तोटा कुणाचा?

ऑस्ट्रेलियातील बर्फाळ डोंगरांत कांगारूप्रमाणे पोटाला पिशवी असलेला एक चिमुकला प्राणी राहतो, माउंटन पिग्मी पॉसम. वजन जेमतेम ४५ ग्रॅम. केवळ जीवाश्मांवरून ठाऊक असलेला हा प्राणी केव्हाच संपला, असे सगळे धरून चालले होते. १९६६ साली माउंट हॉथम येथील एका झोपडीत तो जिवंत सापडला. आज रानात दोन हजारांहून कमी प्रौढ पॉसम उरले आहेत. बर्फाखालच्या दीर्घ झोपेतून उठल्यावर बोगाँग नावाच्या पतंगांवर त्यांची गुजराण चालते. २०१७ नंतरच्या दुष्काळात हे पतंगच दिसेनासे झाले आणि आयांच्या पिशव्यांतली पिले दगावली.

मेकाँग नदीतला राक्षसी पाकट मासाही असाच धोक्यात आहे. जून २०२२ मध्ये कंबोडियातील एका कोळ्याच्या गळाला जवळजवळ चार मीटर लांब, ३०० किलोची मादी लागली. गोड्या पाण्यात नोंद झालेला हा सर्वांत मोठा मासा!

पॉसमचा फोटो पाहून आपले मन लगेच द्रवते. पाकट पाहून आपण आधी वजन विचारतो, आणि खरे सांगायचे तर रश्श्याची आठवणही होते. पण ज्याचा चेहरा गोजिरवाणा, त्यालाच जगण्याचा हक्क, असे कुठे आहे? उत्पत्तीच्या पुस्तकात समुद्रातले प्रचंड जीव तर पाचव्याच दिवशी निर्माण झाले, जमिनीवरच्या जनावरांच्या आधी.

तरीही दोघांना एकाच मापाने मोजणे आम्हाला पटत नाही. पतंगांना वाट सापडावी म्हणून २०१९ साली व्हिक्टोरिया राज्यातील प्राणिसंग्रहालयांनी लोकांना घराबाहेरचे दिवे मालवायला सांगितले. दिवा मालवायला कुणाचे काय जाते? उलट वीज वाचते. मेकाँगच्या कोळ्याला मात्र हाती आलेली कमाई पाण्यात सोडायची असते. 'सोडून दे बाबा' असे त्याला दुरून सांगणारे आपण त्याच्या चुलीत लाकूड घालणार आहोत का?

त्या रात्री कोळ्याने स्वतःच संशोधकांना कळवले. त्यांनी त्याला बाजारभावाप्रमाणे सुमारे ६०० डॉलर मोजून दिले, माशाला माग काढणारे यंत्र लावले आणि सर्वांनी मिळून मादीला नदीत सोडले. गावकऱ्यांनी तिचे नाव 'बोरामी' ठेवले. ख्मेर भाषेत त्याचा अर्थ पौर्णिमेचा चंद्र.