बिननावाचे देणे

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही मांडतो आणि जुनी कपाटात ठेवतो. आपल्या मुंबईची एक जुनी वही मात्र मनोरीच्या खाडीत, तिवरांच्या मुळाशी पडली आहे. दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघून या खाडीला मिळते. वाटेत वस्त्या आणि कारखाने तिच्या पदरात जे टाकतात, त्यातले शिसे, जस्त, तांबे गाळाच्या बारीक कणांना चिकटते आणि थरावर थर बसत जातो. गोवा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इथल्या गाळाचे उभे नमुने काढून हे धातू मोजले आहेत. थराचे वयही काढता येते. शिसे-२१० हा शिशाचा किरणोत्सर्गी भाऊबंद सुमारे २२ वर्षांत निम्मा होतो. तो किती उरला यावरून सालाचा अंदाज बांधतात. काळ्या पाषाणातून मुळातच येणारा धातू वजा केला, की उरतो तो माणसाचा हिशेब.

या वहीत रकमा आहेत, पण नावे नाहीत. चित्रगुप्त माणसागणिक खाते ठेवतो म्हणतात. चिखल नुसती बेरीज ठेवतो. शिसे घातलेल्या पेट्रोलचेच पाहा. भारतात ते २००० साली बंद झाले. तोवर त्याच्या धुरातले शिसे रस्त्यावर पडे आणि पावसाबरोबर नाल्यांत जाई. स्कूटरवरून कचेरी गाठणारा कारकून, आजारी आईला टॅक्सीतून इस्पितळात नेणारा मुलगा, यांतला पापी कोण? मला तर एकही सापडत नाही. मग काही वाईट घडलेच नाही, असे म्हणावे काय?

बापाचे घर घेणाऱ्याने बापाचे कर्जही फेडावे, असा आपल्याकडचा जुना दंडक होता. 'कर्ज मी काढले नाही' ही सबब चालत नसे. मला हा दंडक शहाणपणाचा वाटतो. दोष ज्याचा त्याचा असतो. देणे मात्र वारशाने येते. या शहराचे रस्ते, रोजगार, वैभव आपण घेतले, तर गाळातली बाकीही आपलीच.

ती फेडायची तर गाळ उपसून भागत नाही. काळ्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून बरेचसे धातू तिथे गंधकाशी बांधलेले राहतात. चिखल ढवळला, की ते सुटून पाण्यात, पाण्यातून माशांत आणि कोळ्यांच्या ताटात येऊ शकतात. तेव्हा तिवरे राखावीत आणि वरून येणारी नदी स्वच्छ ठेवावी, एवढेच हाती उरते. हे काम दिसायला लहान आहे आणि त्याचे श्रेयही कोणाच्या नावावर जमा होणार नाही. पण यंदाचाही एक पातळ थर तिथे बसतो आहे आणि त्याचे वारस आपली नातवंडे आहेत.