घड्याळाची साक्ष

वेळ ठाऊक नसणे ही उणीव होय; ठाऊक नसता ती ठामपणे सांगणे याची जात निराळी. जुन्या गृहसंगणकांना घड्याळ जोडणाऱ्या हौशी मंडळींच्या उद्योगाकडे पाहता हा भेद आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली बीबीसी मायक्रो हा संगणक बाजारात आणला. पुढे 'क्लास' योजनेतून तो भारतातील निवडक शाळांतही आला. पन्नाशी ओलांडलेल्या काही वाचकांची बोटे त्यावर फिरली असतील. या यंत्रास काळ मोजता येई, पण तारीख ठाऊक नसे. बटण दाबताच शतांश सेकंदांची मोजणी सुरू होई आणि वीज जाताच संपे. चकतीवर साठवलेल्या पत्राचे नाव व लांबी यांची नोंद होई, दिवसाची होत नसे.

आता या यंत्राच्या तळाशी असलेल्या जोडणीस डीएस३२३१ सारखी नखाएवढी चिप लावतात. तिच्यातील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो. नाण्याएवढी बॅटरी तिला संगणक बंद असतानाही जागे ठेवते. वर्षाकाठी चूक फार तर एखाद्या मिनिटाची. (दर चौथे वर्ष लीप, एवढेच तिला ठाऊक. पोप तेरावे ग्रेगरी यांची १५८२ सालची दुरुस्ती तिच्या गावीही नाही, त्यामुळे २१०० साली ती एक दिवस जास्त मोजील.)

यंत्राचे मूळ रूप यामुळे भ्रष्ट होते काय, हा वाद आम्हांस गौण वाटतो. जोडलेली चिप काढता येते. खरा प्रश्न बॅटरी संपल्यावरचा. वीज पुन्हा मिळताच चिप शून्य शून्य सालच्या एक जानेवारीपासून मोजू लागते, तेही पूर्वीच्याच ठामपणे. मात्र घडविणाऱ्यांनी तिच्यात एक खूण ठेवली आहे. कंपन मध्येच खंडित झाले की ती आपोआप उभी राहते : 'मी थांबले होते.' योग्य वेळ लावून मग ती पुसावी, हा सरळ मार्ग. परंतु वेळ न लावताही ती पुसता येते, न वाचता पुढेही जाता येते. चिप कोणास अडवीत नाही.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आम्ही तारखेपुढे सही करतो, तेव्हा तो आकडा साक्ष होतो. वीस-पंचवीस वर्षांनी विवाहाच्या वेळी कोणी तरी त्यावर विसंबणार असतो. रकाना कोरा असेल तर धर्ममातापित्यांना विचारता येते, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारता येते. चुकीची तारीख सुवाच्य अक्षरांत लिहिलेली असली की विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. संगणकावरील तारीख सहीवाचून उमटते, म्हणून तिला साक्षीदार नाही असे आपण धरून चालतो. आमच्या मते तो असतो : ती खूण पुसणारा, अथवा वाचण्याचा कंटाळा करणारा.

अशी जोडणी करणाऱ्या तरुणांनी खूण उभी असेल तेव्हा पडद्यावर तारखेच्या जागी रिकामी रेघ दाखवावी आणि समोरच्या माणसास वेळ विचारावी. त्यासाठी प्रोग्राम दोन-चार ओळींनी वाढेल, इतकेच.