नोंदीचे मौन : संयुक्त तालिकेचा नैतिक प्रश्न

ग्रंथालयाची तालिका म्हणजे कपाटाकडे नेणारे एक साधन, एवढीच कल्पना असेल तोवर तिच्यासंबंधी नैतिक प्रश्न सहसा उद्भवत नाही. अनेक ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र आणणारी संयुक्त तालिका सिद्ध झाली, की परिस्थिती बदलते. एका ग्रंथालयाच्या तालिकेत ग्रंथ न आढळणे याचा अर्थ तो तेथे नाही, इतकाच होतो. संयुक्त तालिकेत तो आढळला नाही, तर तो कोठेच उपलब्ध नाही असे अभ्यासक समजतो. तर्कदृष्ट्या हा निष्कर्ष सदोष आहे. परंतु पाठचिकित्सेतील प्रतींची गणना आणि वाङ्मयेतिहासातील आवृत्त्यांची मोजदाद बहुधा त्याच्याच आधारे चालते.

थिओडोर आउफ्रेख्ट यांनी १८९१ ते १९०३ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेला ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ संस्कृत हस्तलिखितांच्या उपलब्ध याद्यांवर आधारलेला होता. ज्या संग्रहांची यादीच झालेली नव्हती, ते साहजिकच त्याच्या कक्षेबाहेर राहिले. मद्रास विद्यापीठाने १९३५ मध्ये नव्या सूचीचे काम हाती घेतले, त्यामागे ही अपूर्णता होती. तिच्यात दोष कोणाचा नव्हता, कारण जे अज्ञात होते तेच अनुल्लेखित राहिले होते. नैतिक प्रश्न सुरू होतो तो ग्रंथालयाला माहीत असूनही नोंद पुढे पाठवली जात नाही तेव्हा.

आज असा निर्णय संगणकीय नोंदीतील एका खुणेने अमलात येतो. मागवलेले पण हाती न आलेले ग्रंथ किंवा हरवलेल्या प्रती यांच्या नोंदी रोखणे उचितच आहे. विक्रेत्याने पुरवलेली नोंद करारामुळे इतरांना देता येत नाही, तेथे ज्ञानाच्या हितापेक्षा मालकीचे हित वरचढ ठरते. याहून गंभीर प्रकार म्हणजे आशयामुळे नोंद रोखणे.

ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील ‘प्रायव्हेट केस’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. अश्लील ठरवलेले ग्रंथ तेथे जतन केले जात. पण त्यांच्या नोंदी सर्वसाधारण तालिकेत नसत. १९६० च्या दशकात त्या समाविष्ट होऊ लागल्या. हेन्री स्पेन्सर अ‍ॅशबी यांनी टोपणनावाने १८७७ पासून अशाच ग्रंथांची सविस्तर सूची तीन खंडांत छापली होती. १९०० मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचा संग्रह या ग्रंथालयाकडे आला आणि त्यातील असे ग्रंथ त्या अनुल्लेखित कपाटात गेले. ग्रंथ वाचावयास न देणे हा निर्बंध आहे आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. ग्रंथ आहे हेच न सांगितल्यास दाद मागण्याची जागाच उरत नाही.

म्हणून प्रत्येक नोंद उघड झालीच पाहिजे, असे म्हणावे काय? ऑस्ट्रेलियातील आदिवासी व टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी यांच्या सामग्रीसंबंधी १९९५ मध्ये ग्रंथालयांसाठी जी आचारतत्त्वे सिद्ध झाली, ती या आग्रहाला मर्यादा घालतात. गुप्त वा पवित्र सामग्रीच्या हाताळणीबाबत संबंधित समाजाचा विचार घेणे त्यांना अभिप्रेत आहे. अशा सामग्रीचे वर्णन हाच प्रसंगी विधिनिषेधाचा भंग ठरतो. येथे मौन ज्यांची ती सामग्री आहे त्यांचे रक्षण करते. ‘प्रायव्हेट केस’चे मौन संस्थेच्या प्रतिष्ठेचे रक्षण करीत होते.

हा भेद मान्य केला तरी त्याचा निर्णय करणारे ग्रंथालयच असते, ही अडचण शिल्लक राहते. तिचे निवारण नोंद उघड करून नव्हे, तर नोंद रोखण्याचा निकष उघड करून होऊ शकते. कोणत्या वर्गाच्या नोंदी, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या संमतीने दिलेल्या नाहीत, हे प्रत्येक सहभागी ग्रंथालयाने संयुक्त तालिकेत जाहीर करावे. वर्ग सांगितल्यानेही कुतूहल चाळवेल, हा आक्षेप खरा आहे. तथापि त्यातून शीर्षक वा आशय प्रकट होत नाही. उलट, ‘आढळले नाही’ या उत्तराचा अर्थ किती मर्यादित घ्यावयाचा, हे अभ्यासकाला कळते. ग्रंथालयाला मौनाचा अधिकार असू शकतो. मात्र आपले मौन हे अभाव म्हणून वाचले जाऊ देण्याचा अधिकार त्याला नाही.