प्रोत्साहनाचे दायित्व

नवोदित लेखकाला ज्येष्ठाने दिलेले प्रोत्साहन ही केवळ सौजन्याची बाब नसते. ती एक नैतिक कृती असते. फ्रान्झ काप्पुस या तरुणाने पाठविलेल्या कवितांवर निवाडा देण्याचे रिल्केने १९०३ मध्ये नाकारले आणि त्याला स्वतःच्या अंतरंगात डोकावण्यास सांगितले. या सल्ल्यात एक गृहीत दडलेले आहे : लिहिणाऱ्याला आपल्या जगण्याची लाज वाटावी, अशी व्यवस्था समाजाने केलेली नाही.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हे गृहीत टिकणारे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये येथे उभारलेल्या महाविद्यालयामुळे शिकू लागलेल्या दलित तरुणांची बोली आणि त्यांचे अनुभवविश्व प्रस्थापित अभिरुचीला परके होते. म्हणूनच गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने आणि त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांनी नवोदितांना दिलेले बळ आत्मशोधाच्याही आधीचे होते. आपले जगणे लेखनाचा विषय होऊ शकते, ही ग्वाही त्यातून मिळाली.

तथापि खरा पेच येथेच उद्भवतो. अनुभव अस्सल आहे म्हणून रचनेतील शैथिल्य क्षम्य मानणे, म्हणजे नवोदिताला लेखक न मानता केवळ साक्षीदार मानणे होय. ही अवहेलनाच आहे, फक्त सौम्य स्वरूपाची. प्रस्थापित निकष नाकारणे निराळे आणि निकषच नाकारणे निराळे. लिहिण्याचा अधिकार विनाअट मान्य करावा. लिहिलेल्याची परीक्षा मात्र टाळू नये. परखड अभिप्रायातही समानतेची स्वीकृती असते.